अमेरिकेतला झेंडा आपल्या मंडळीत आला तर काय करायचं

मागच्या वर्षी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू व्हायच्या थोडं आधी शेजारच्या शेतातल्या भावानं मला बांधावर थांबवलं. ते बौद्ध, आम्ही ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून एकाच विहिरीचं पाणी ओलिताला घेतो, एकमेकांच्या लग्नात पंगतीत वाढतो. त्यानं मोबाईल काढला आणि आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजातल्या, एका पोराचं स्टेटस दाखवलं. मोठा क्रूस, मागे अमेरिकेचा झेंडा, खाली हिंदीत लिहिलेलं की जो देश येशूचा तोच देश बलवान, एक दिवस सगळे देश असेच होतील. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमचं राज्य आलं त आमचं काय करसान?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो, जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशी पास्टर साहेबांकडे गेलो. त्यानंतर वर्षभरात आमच्या पंचेचाळीस घरांच्या मंडळीनं जे केलं, जे चुकलं, जे जमलं ते इथं लिहून ठेवतो, कारण यवतमाळ, अमरावती, वर्धा, मेळघाट, कुठंही जा, हेच व्हिडिओ सगळ्या मंडळ्यांच्या ग्रुपवर फिरून राहिले आहेत.

आधी ही गोष्ट नेमकी काय आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर भांडण भलतीकडेच जातं. देवावर विश्वास ठेवणं वेगळं, देशावर प्रेम करणं वेगळं, विश्वासातून समाजात काम करणं, शाळा दवाखाना काढणं, अन्यायावर बोलणं हे पण वेगळं, यातलं काहीच वाईट नाही. ख्रिस्ती राष्ट्रवाद म्हणजे हा देश मुळात ख्रिस्ती लोकांचाच, खरा नागरिक तोच, कायदा आपल्या धर्माचा पाहिजे, सत्ता आपल्या हातात पाहिजे आणि बाकीचे आहेत ते पाहुण्यासारखे राहतील, हा विचार. तो अमेरिकेतला आहे, आपल्याकडे तो आयता येतो, डब केलेल्या प्रवचनांतून आणि फॉरवर्डमधून.

ओळखायची एक सोपी पद्धत आम्ही वापरतो. आलेल्या मेसेजमधलं ख्रिस्ती हे नाव काढा, तिथं दुसऱ्या कोणत्याही धर्माचं नाव टाका, आणि मग तेच वाक्य आपल्या गावच्या चौकात माईकवर कोणी बोलून राहिलं असं डोळ्यासमोर आणा. रात्री झोप लागेल का? नाही लागत असेल तर ते वाक्य आपल्या नावानं पण खोटंच आहे. आपण इथं मूठभर आहोत, देश एकाच धर्माचा आहे असं कोणी म्हटलं की पोटात कसा गोळा येतो हे आपल्याइतकं कोणाला माहीत? मग तेच माप अमेरिकेतल्या आपल्या लोकांना लावायला नको का? मी तर म्हणतो आपल्यालाच हे बोलायचा जास्त हक्क आहे, कारण ते तिथं जास्त आहेत आणि आपण इथं कमी, आपल्याला दोन्ही बाजू दिसतात.

आता ज्या पोरानं स्टेटस ठेवलं त्याच्याशी कसं बोलायचं. आम्ही इथं पहिली चूक केली. आमच्या एका वडीलधाऱ्यानं ग्रुपवरच त्याला झापलं, बायबलची सात वचनं टाकली, पोरगा ग्रुप सोडून गेला आणि दोन रविवार उपासनेला आला नाही. ग्रुपवर बोलू नका. घरी जा, संध्याकाळी, गुरं बांधून झाल्यावर, चहा घ्या, आधी शेताचं विचारा, नोकरीचं विचारा, आणि मग विचारा की हे तुला काहून आवडलं. आणि मग चूप बसा. खरंच चूप बसा, मधे वचन सांगू नका.

मी गेलो तेव्हा अर्ध्या तासानं तो बोलला. बी. ए. झाला, तालुक्याला एका दुकानात काम करतो, तिथं त्याला धर्मावरून रोज टोचून बोलतात, बाटगा म्हणतात. "काका, जगात कुठंतरी आपले लोक मोठे आहेत असं पाहिलं की बरं वाटते," असं म्हणाला आणि खाली पाहत राहिला. हे ऐकल्यावर माझा सगळा राग गेला. या व्हिडिओंच्या मागे आपल्याकडे बहुतेक वेळा माज नसतो, भीती असते, लांब कुठंतरी एक मोठा भाऊ आहे असं वाटण्याचा आधार असतो. तो आधार नुसता हिसकावून घ्याल तर पोरगं तुमच्याजवळ राहणार नाही, त्याच्या भीतीसाठी काहीतरी करावं लागेल. आम्ही तिघं जण त्या दुकानात गेलो, मालकाशी शांतपणे बोललो, आणि शेजारचा तो बौद्ध भाऊ स्वतःहून सोबत आला होता. अमेरिकेतून कोणी आलं नाही. पोरानं ते बघितलं.

मग माहितीचं काम. अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच स्थापन झालं असं प्रत्येक व्हिडिओत असतं, त्याला उत्तर पाठ पाहिजे. तिथली राज्यघटना १७८७ ची, त्यात लिहिलं आहे की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट लावता येणार नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत लिहिलं आहे की संसद कोणताही धर्म सरकारी धर्म म्हणून स्थापन करणार नाही आणि कोणाच्या धर्मपालनाला अडवणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी केलेला १७९७ चा तह आहे, त्यात तर सरळ म्हटलं आहे की अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, आणि तो तिथल्या सिनेटनं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहानं, मंजूर केलेला. नोटांवर देवावर भरवसा असं छापतात ते दाखवतात ना, तर ते देशाचं अधिकृत बोधवाक्य झालं १९५६ मध्ये, रशियाशी शीतयुद्ध चालू असताना, देश स्थापन होऊन एकशे ऐंशी वर्षांनी.

आणि धर्म आणि सरकार यांच्यामधली ही भिंत बांधायला लावली कोणी? देव न मानणाऱ्यांनीच बांधली असं समजू नका, बाप्तिस्त या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांनीही ती मागितली. रॉजर विल्यम्स नावाचा पाळक, त्याला मॅसॅच्युसेट्सच्या ख्रिस्ती वसाहतीनंच हाकललं कारण तो म्हणायचा की सरकारनं माणसाच्या विवेकात हात घालू नये, आणि १६३६ मध्ये त्यानं प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं जिथं कोणालाही आपल्या श्रद्धेनं राहता येईल. १८०२ मध्ये अध्यक्ष जेफरसननं धर्म आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दल जे पत्र लिहिलं ते डॅनबरीच्या बाप्तिस्तांना लिहिलं होतं, कारण ते तिथं थोडे होते आणि सरकारी कृपेच्या चर्चखाली दबून होते. थोडे होते, हे लक्षात ठेवा. आपल्यासारखेच.

६ जानेवारी २०२१ चं पण सांगा. निवडणुकीचा निकाल मान्य नव्हता म्हणून जमाव वॉशिंग्टनच्या संसद भवनात घुसला, गर्दीत क्रूस होते, येशूच्या नावाचे फलक होते, सिनेटच्या सभागृहात घुसून काही जणांनी मोठ्यानं प्रार्थना केली आणि त्याच दिवशी जवळपास १४० पोलीस जखमी झाले. आमच्या भगिनी मंडळातल्या एका बाईनं हे ऐकून दोन्ही हात कानाला लावले. पण तिथंच थांबू नका, दुसरी बाजू पण सांगा नाहीतर आपले लोक अमेरिकेतल्या सगळ्याच विश्वासणाऱ्यांना शिव्या द्यायला लागतात आणि तेही खोटंच. तिथल्या बाप्तिस्त लोकांनीच पुढे होऊन २०१९ मध्ये ख्रिस्ती राष्ट्रवादाच्या विरोधात ख्रिस्ती अशी मोहीम सुरू केली, हजारो लोकांनी सही केली. लुईझियाना राज्यात २०२४ मध्ये प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा झाला तेव्हा कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये पाळक पण होते. दहा आज्ञांवर प्रेम आहे म्हणूनच गेले, की त्या शिकवायचं काम आईबापाचं आणि मंडळीचं, शिपायाचं नाही.

एवढं लांब जायची इच्छा नसेल तर एक जवळचा प्रश्न विचारा. ख्रिस्ती राजाचं राज्य कसं असतं हे आपण पाहिलेलं नाही का? इंग्लंडचा राजा किंवा राणी म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, आणि त्यांच्याच राज्यात वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मँचेस्टरला जायचा, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ याच मुलखानं सोसले. त्या राज्यात वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग केंद्रात, कोण बसलं होतं? जे. सी. कुमारप्पा. पक्का ख्रिस्ती माणूस, अमेरिकेत शिकलेला, खेड्यातल्या घाण्याच्या तेलाचा आणि हातकागदाचा हिशेब मांडत बसलेला, येशूची शिकवण मानतो म्हणूनच या राजवटीला विरोध करतो असं म्हणणारा, आणि त्याला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारनं तुरुंगात टाकलं. शेजारी सेवाग्रामला राजकुमारी अमृत कौर, त्याही ख्रिस्ती, पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री. आमच्या संडे स्कूलच्या पोरांना दानीएल सिंहांच्या गुहेत पाठ आहे, पण वर्धा आपल्यापासून दीड दोन तासांवर आणि कुमारप्पांचं नावही कोणाला माहीत नव्हतं. आता दर वर्षी एक रविवार पोरांना हेच शिकवतो.

बायबल अभ्यास हा कामाचा गाभा आहे, तिथं घाई करू नका. वेळ निवडताना शेतीचं बघा, वेचणी चालू असताना ठेवाल तर बाया येणार नाहीत आणि बायांशिवाय कोणतीच मंडळी बदलत नाही. आम्ही लेंटमधले चार बुधवार घेतले, रात्री आठ ते नऊ, कोणाच्या तरी अंगणात, चर्चमध्ये नाही, अंगणात लोक जास्त बोलतात. पास्टर साहेबांना विनंती केली की तुम्ही प्रवचन नका देऊ, फक्त वाचा आणि विचारा, आणि त्यांनी ती मोठ्या मनानं मानली.

पहिल्या बुधवारी मत्तय ४, सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि म्हणतो पाया पड, सगळं तुला देतो. प्रश्न एकच ठेवला, सगळी राज्यं येशूच्या नावावर आली असती तर काय वाईट होतं, मग त्यानं नाही का म्हटलं? पाऊण तास लोक बोलत होते.

दुसऱ्या बुधवारचा १ शमुवेल ८ मात्र नक्की घ्या, शेतकऱ्यांच्या मंडळीत याच्यासारखा अध्याय नाही. लोक म्हणतात बाकीच्या राष्ट्रांसारखा आम्हाला पण राजा पाहिजे, आणि शमुवेल त्यांना यादी वाचून दाखवतो की राजा काय काय घेईल, तुमची पोरं रथापुढे पळवेल, पोरी स्वयंपाकाला नेईल, उत्तम शेतं घेऊन आपल्या नोकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गाढवं घेईल, आणि शेवटी तुम्ही ओरडाल तेव्हा देव ऐकणार नाही. आम्ही प्रत्येकाला एकेक ओळ वाचायला दिली. एक म्हातारे बाबा, जे कधी सभेत बोलत नाहीत, ज्यांची दोन एकर जमीन प्रकल्पात गेली आणि मोबदल्यासाठी अकरा वर्षं हेलपाटे मारले, त्यांच्या वाट्याला शेताची ओळ आली. वाचून झाल्यावर म्हणाले, "राजा कोणत्या धर्माचा होता हे इथं लिहिलंच नाही ना. आपलाच होता तो." त्यावर कोणाला काही बोलावं लागलं नाही.

तिसरा बुधवार लूक ९, ओवी ५१ ते ५६, शोमरोनी गावानं जागा दिली नाही म्हणून शिष्य म्हणतात आकाशातून आग पाडू का, आणि येशू त्यांनाच धमकावतो आणि दुसऱ्या गावाला निघून जातो. चौथा योहान १८, पेत्राची तलवार आणि माझे राज्य ह्या जगाचे नाही हे वाक्य. रोमकरांस १३ कोणीतरी काढतंच, सत्ताधीशांच्या अधीन राहा ते, काढू द्या, पण सांगा की पौलानं ते लिहिलं तेव्हा सत्ताधीश रोमी होता, ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे त्या अध्यायातून ख्रिस्ती सरकार आणा असं निघत नाही.

एक संध्याकाळ इतिहासाची पण ठेवा, जर्मनीची. १९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा तिथं जर्मन ख्रिस्ती नावाचा गटच होता, झेंडा आणि क्रूस एकत्र शिवलेला, त्यांना ज्यू वंशाचे पाळक चर्चमधून काढायचे होते. त्याला विरोध म्हणून मे १९३४ मध्ये बार्मेन इथं पाळक आणि विश्वासणारे जमले आणि एक जाहीरनामा काढला, बराचसा कार्ल बार्थ या धर्मशास्त्र्यानं लिहिलेला, सहा मुद्द्यांचा, त्यातला पहिलाच की येशू ख्रिस्त हेच देवाचं एकमेव वचन, दुसरी कोणतीही सत्ता, नेता, घटना आम्ही देवाचं प्रकटीकरण मानणार नाही. हे धाडसाचं होतं. पण त्या कागदात ज्यू शेजाऱ्याचं नाव कुठंच नाही, आणि याची खंत खुद्द बार्थनंही पुढे व्यक्त केली. डीट्रिच बोनहोफर हा जर्मन पाळक ज्यूंच्या बाजूनं सुरुवातीपासून बोलला, त्याला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिलं. मला स्वतःला हा सगळ्यात मोठा धडा वाटतो, की चर्च स्वतःला वाचवायला कागद लिहू शकतं आणि तरी शेजारी मरू शकतो.

दक्षिण आफ्रिकेचं वाचणार असाल तर मन घट्ट करून वाचा. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडनं, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेनं, १८५७ मध्ये गोऱ्यांसाठी वेगळ्या उपासनेला परवानगी दिली, काही लोकांच्या दुबळेपणामुळे असं कारण लिहून, आणि त्यातूनच पुढे वर्णभेदाला बायबलचा आधार देणारं धर्मशास्त्र उभं राहिलं. त्याला उत्तर म्हणून १९८२ मध्ये, वर्णभेद सोसणाऱ्या तिथल्याच मंडळीत, बेलहारचा विश्वासकबुलीचा मसुदा झाला, १९८६ मध्ये त्यांनी तो स्वीकारला. हे वाचलं की आपल्याला आपल्याकडची जात आठवायलाच पाहिजे. जात काही चपलेसारखी चर्चच्या दाराबाहेर राहत नाही, सोयरीक जुळवताना कळतं. आम्ही त्या संध्याकाळी यावर बोललो, कडू बोललो, ते काम अजून संपलं नाही.

वेदीवरचे नियम आम्ही लिहून काढले आणि कमिटीत ठराव करून घेतला, तोंडी ठेवले तर निवडणुकीत मोडतात. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना दर रविवारी होईल, १ तीमथ्य २ प्रमाणे, पण पदाचं नाव घेऊन, सरपंच, तहसीलदार, आमदार, मुख्यमंत्री, पंतप्रधान, पक्षाचं नाव नाही. उमेदवार उपासनेला आला तर बाकड्यावर बसेल, माईक मिळणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरण धरलं आहे हे पण त्या कागदात टाका, आलेल्या पुढाऱ्याला दाखवायला सोपं जातं. दुसऱ्या कोणत्याही देशाचा झेंडा मांडवात लागणार नाही, अमेरिकेचा नाही, इस्राएलचा पण नाही, यावर खूप वाद झाला पण ठराव पास झाला. बाहेरचा वक्ता बोलवायचा असेल तर आधी फोनवर स्पष्ट सांगायचं. आमच्याकडे कन्व्हेन्शनला, म्हणजे प्रवचनांच्या मोठ्या सभेला, एक जण शहरातून येणार होते, साऊंड सिस्टीमचा खर्च पण देणार होते, हे नियम ऐकल्यावर आले नाहीत. त्या वर्षी भाड्याचा भोंगा लावला, तेवढ्यावर कन्व्हेन्शन झालं.

तरुण पोरांना नुसतं नाही सांगून भागत नाही, आपलं स्वतःचं काहीतरी हातात द्या. ना. वा. टिळकांचं द्या. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि येशूला ओवीत, अभंगात, कीर्तनात आणलं, १९१७ मध्ये देवाचा दरबार सुरू केला ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही बसू शकत. पोरांना हे पण सांगा की १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्या यवतमाळात होती, देशभरातले पाळक इथं शिकायला यायचे, वऱ्हाडच्या उन्हात ग्रीक आणि हिब्रू शिकायचे, मग आपण आज डब केलेल्या व्हिडिओवर का जगायचं? आणि एकट्या मंडळीनं करू नका, आजूबाजूच्या दोन तीन मंडळ्या धरा, मिशन वेगळं असलं तरी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्च एक होऊन उत्तर भारत मंडळी झाली, म्हणजे हे या मातीत होतं.

शेवटचं काम गावासोबतचं. आंतरधर्मीय परिषद वगैरे मोठं नाव देऊ नका, लोक स्टेज आणि हार बघून पळतात. आपल्या गावांत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची सवय आहेच, गुरुदेव सेवा मंडळाचे लोक बोलावतात तेव्हा जा, मागच्या ओळीत शांत बसा. १४ ऑक्टोबरला आणि १४ एप्रिलला बौद्ध वस्तीत जा. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचं काम निघालं की सगळ्यांसोबत घमेलं उचला. ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला तिथं तेराव्यानंतर, सगळे पाहुणे गेल्यावर जा, आणि पत्रिका वाटू नका. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. हे आम्ही शेजाऱ्याच्या घरी, त्याच्या मुलाच्या पुस्तकातून वाचलं.

वर्ष झाल्यावर मंडळीनं एका पानाचा कागद लिहिला, पाच वाक्यांचा, चर्चच्या दाराजवळ लावायला. आमचा राजा येशू आहे, कोणताही नेता नाही. कोणताही देश देवाचा लाडका नाही. आम्ही आमच्या धर्मासाठी जे स्वातंत्र्य मागतो तेच सगळ्यांसाठी मागतो. धर्मामुळे कोणीही या गावात कमी किंवा जास्त नाही. पाचवं वाक्य होतं, इतर धर्माच्या लोकांना आम्ही सांभाळून घेऊ. लावायच्या आधी तो कागद घेऊन मी बांधावर गेलो, कारण प्रश्न त्यानं विचारला होता. तुम्ही पण हे करा, कागद पक्का करायच्या आधी ज्याच्याबद्दल लिहिला त्याला वाचायला द्या.

त्यानं दोनदा वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "सांभाळून कोण कोणाले घेते भाऊ? बरोबरीनं राहू असं लिहा."

तसं लिहिलं.